आईला घेऊन सासुरवाडीला: सिचुआनमधल्या एका खेड्यात तेरा दिवस

निफाडचा सिंगापुरी | २० एप्रिल २०२५

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

माझी बायको चीनच्या सिचुआन प्रांतातली. मेइशान जिल्ह्यात दानलिंग नावाचा तालुका आहे, चेंगदूहून गाडीनं दीडेक तास. तिथल्या टेकड्यांतलं एक खेडं हे तिचं माहेर. आम्ही राहतो सिंगापूरला. लग्नाला आठ वर्षं झाली, पण आई तिकडे कधी गेली नव्हती. विहीणबाई एकदा निफाडला येऊन, द्राक्षं खाऊन, उन्हाला नावं ठेवून गेल्या. परतभेट राहून गेली होती. मध्ये करोना आला, मग वडील गेले, मग आईचा गुडघा. यंदा १ ते १४ एप्रिल असं जमलं. आई ६८ वर्षांची, माळकरी. तिला चीनच्या खेड्यात नेतोय म्हटल्यावर भावकीतल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हातारीला रानात सोडायला निघालोय.

घर तीन मजली, बाहेरून पांढऱ्या फरशा लावलेलं, पुढं सिमेंटचं ऐसपैस अंगण, मागं बांबूचं बेट. अंगणात पोचलो तर सासऱ्यांच्या आई, वय ८२, बांबूच्या बुटक्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. माझी लेक त्यांना 'त्सूत्सू' म्हणते, म्हणजे पणजी. मीही इथं पणजीच म्हणतो. पणजीनं आईकडं खालीवर पाहिलं, उठल्या, तिचा हात हातात घेतला आणि पहिला प्रश्न टाकला. बायकोनं मला सांगितला, मी आईला: "जेवलात का?"

आई म्हणाली, "बाई, ही तर आपल्यातलीच निघाली."

नात्यांच्या बाबतीत मात्र खरंच आपल्यातले आहेत. इंग्रजीत सगळे अंकल-आंटी. यांच्याकडे मामा 'ज्योज्यो', आत्या 'गूगू', मावशी 'यी', आणि काका तर वडलांपेक्षा मोठा असला तर वेगळा, धाकटा असला तर वेगळा. व्याही-विहिणीला स्वतंत्र शब्द आहे. विहीण म्हणजे 'छिंगज्यामू'. आईनं तो दोन दिवसांत पाठ केला आणि तेरा दिवस पुरवला. विहीणबाईंनीही 'विहीणबाई' शिकून घेतलं. त्यांच्या तोंडून ते 'वीनीपाई' असं यायचं.

पण पहिला धक्का स्वयंपाकघरात बसला. रांधत होते ते सासरे. कमरेला एप्रन, एका हातात भला मोठा चौकोनी सुरा. आणि विहीणबाई? त्या शेजारच्या अंगणात तीन बायकांबरोबर माहजोंग खेळत होत्या. आईनं तासभर वाट पाहिली, मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांच्यात काही भांडण झालंय का रे?"

भांडण कसलं! सिचुआनमध्ये बायकोच्या ऐकण्यातल्या नवऱ्याला 'पा अर्त्वो' म्हणतात, म्हणजे मऊ कानाचा. तिकडचे पुरुष स्वतःला तसं म्हणवून घेतात आणि वर हसतात. सासरे तर आपला कान ओढून दाखवतात.

वेळ मिळेल तसं पुढचं लिहितो.

सुलभामावशी

वा! पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). आईंच्या जेवणाचं काय केलंत ते आधी सांगा. माझी बहीण शांघायला जाऊन आठ दिवस केळी खाऊन आली.

खडूस

सुरुवात छान. पण 'आपल्यासारखेच आहेत हो' प्रकारातला गोग्गोड धागा होऊ देऊ नका. हे झालं पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहणं.

पिंपळपार

व्हिसा कोणता? आमच्या भाच्याचं असंच जमतंय, तीही चिनी आहे. ताईला नेता येईल का?

निफाडचा सिंगापुरी

@पिंपळपार: नातेवाइकांकडे जायला क्यू-२ व्हिसा असतो, १८० दिवसांपर्यंत राहता येतं. सुनेचे सासू-सासरे त्यात बसतात. निमंत्रणपत्र आणि बोलावणाऱ्याच्या चिनी ओळखपत्राची प्रत लागते. एक गोष्ट लक्षात ठेवा: हॉटेलात उतरलात तर नोंदणी हॉटेलवाले करतात, घरी उतरलात तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत जाऊन आपणच करायची. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. तिथल्या पोरगेल्या पोलिसानं भारतीय पासपोर्ट पहिल्यांदाच हातात घेतला असावा. आईचं पूर्ण नाव, तिचं, वडलांचं आणि आडनाव, त्याच्या संगणकाच्या रकान्यात मावेना. चिनी नाव दोन-तीन अक्षरांत आटोपतं. शेवटी त्यानं वरिष्ठांना फोन केला, आम्हाला कागदी पेल्यात गरम पाणी दिलं, आणि तासाभरानं चिठ्ठी हातात ठेवली.

गरम पाण्यावर आई एकदम खूश. घरोघर थर्मास भरलेले असतात आणि थंड पाणी पिणं म्हणजे तब्येतीवर अन्याय, असं सगळ्यांचं मत. आई मला चाळीस वर्षं हेच सांगत आलीये.

@सुलभामावशी: सांगतो. पहिल्या दिवशी पंचाईतच. पालेभाज्या भरपूर, पण परतायला डुकराची चरबी. ती भाजीत 'मांस' म्हणून मोजतच नाहीत. मी घाबरत घाबरत सांगितलं, आई मांस, मासे, अंडी, काही खात नाही. मला वाटलं आता लांबलचक समजावणं आलं. पणजीनं दोन शब्दांत मिटवलं: 'छ् सू'. शाकाहार करते, एवढंच. त्या स्वतः दर महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहारी असतात, ओमेइ पर्वताच्या बोधिसत्त्वासाठी. आणि त्या दिवशी कांदा-लसूणही नाही! आईला चातुर्मास आठवला. एक कढई वेगळी काढली गेली. तेल सरसूच्या जातीच्या बियांचं, गावच्या घाण्यावर काढलेलं, वास थोडा उग्र. ताजा कोवळा बाकला, कोवळे बांबू, सोयाबीनच्या दुधाचं मऊ दही आणि भात. थालीपिठाची भाजणी नेली होती, ती निम्मी परत आली.

नाही जमलं ते एकच, एक मुळी. तिथं कोशिंबिरीसारखी कच्ची खातात, वास मासळीचा. आई म्हणाली, वनस्पती असली म्हणून काय झालं.

वाटसरू

पुभाप्र. फोटो टाका की राव.

निफाडचा सिंगापुरी | २३ एप्रिल

घरातल्या माणसांचे फोटो टाकणार नाही, बायकोची सक्त ताकीद. शब्दांवर भागवा.

आज बाजाराचं. आपल्याकडे आठवडी बाजार वारावर, त्यांच्याकडे तिथीवर. सिचुआनमध्ये बाजाराला जाण्याला 'गान छांग' म्हणतात. आमच्या जवळच्या बाजारगावाला तिथीत २, ५ किंवा ८ आला की बाजार. शेजारच्या गावाला १-४-७, त्या पलीकडे ३-६-९. म्हणजे विक्रेता रोज कुठं ना कुठं उभा, आणि कोणी कोणाच्या पोटावर पाय देत नाही. तरुण लोक मोबाइलवरून सगळं मागवतात, बाजारगावात पार्सलांचं दुकान ओसंडून वाहत असतं. तरी बाजाराच्या दिवशी पहाटे सहाला म्हातारे-म्हाताऱ्या पाठीवर बांबूची टोपली अडकवून निघतातच. जाताना टोपलीत कोंबडी, येताना खताची पिशवी, कधी नातू.

भाव 'जिन'वर असतो आणि जिन म्हणजे अर्धा किलो. हे विसरलात की सगळं निम्म्या किमतीत वाटतं आणि फुशारकी मारत घरी येता. आईची फजिती वेगळीच झाली. तिला एकटीनं खरेदी करायची होती. बाकल्याच्या शेंगांचा ढीग दाखवून तिनं भुवया उंचावल्या. बाईनं अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. आईनं दोन युआन काढून दिले. बाई हसायला लागली, परत तीच दोन बोटं. आई म्हणते, दोनच तर म्हणतेय! पाचदहा माणसं जमली. तिकडे एका हातावर दहापर्यंत मोजतात, आणि अंगठा-तर्जनी म्हणजे आठ. अंगठा-करंगळी म्हणजे सहा. मूठ म्हणजे दहा. नंतर आई आणि पणजीचा अर्धा संसार याच बोटांवर चालला: मुलं किती, वय किती, कोंबड्या किती, धनी जाऊन किती वर्षं झाली.

पैशांचं: भाजीवालीकडेही क्यूआर कोड असतो, गळ्यात अडकवलेला. माझं परदेशी कार्ड अ‍ॅपला जोडलेलं होतं, कधी चाललं, कधी नाही. सुट्टी नाणी जवळ असलेली बरी.

बाजारात एक न्हावी उन्हात बसून लोकांचे कान कोरत होता, बारीक सळ्या आणि पिसांनी. सासरे बसले. मऊ कान हो.

चौथी सीट

आईंचा 'आठ' वाचून ऑफिसात फिस्सकन हसलो. 😄

शेताची वही

धागाकर्ते द्राक्षवाले दिसताय. शेतीचं लिहा की. पिकं काय, जमीन किती, मालकी कोणाची? चीनमध्ये शेतकऱ्याला जमीन विकता येत नाही म्हणतात ते खरं का?

निफाडचा सिंगापुरी | २४ एप्रिल

खरं आहे. जमीन गावाच्या सामूहिक मालकीची, कुटुंबाकडे कसण्याचा करार. नव्वदच्या दशकात तो ३० वर्षांसाठी वाढवला गेला, ती मुदत आता संपत आलीय आणि आणखी ३० वर्षं वाढवायचं धोरण जाहीर झालंय. भाड्यानं देता येते, विकता येत नाही. सासऱ्यांची साडेतीन 'मू' आहे. एक मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे, त्यामुळं सगळी मिळून २३ गुंठे. मी आमची चार एकर सांगितली तर ते मला जमीनदार समजले, आणि त्यांच्या पिढीत तो शब्द काही कौतुकाचा नाही. शेतसारा मात्र त्यांच्याकडे २००६ पासून बंद झाला.

पीक संत्र्याच्या जातीचं. दानलिंग त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मूळ जात जपानी. देठाशी उंचवटा असलेलं, ढिल्या सालीचं फळ. सिचुआनमध्ये याच्या भाईबंदांना 'पापागान' म्हणतात. त्यातला 'पा' म्हणजे मऊ. हो, तोच, सासऱ्यांच्या कानातला.

मी आणि सासरे एकमेकांची भाषा बोलत नाही, पण बागेत दुभाषा लागला नाही. एकेका फळाला कागदी पिशवी, थंडीत अख्ख्या झाडावर प्लास्टिकचं पांघरूण, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तोडा. आम्ही निफाडला घडांना कागद लावतो, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. मी मोबाइलवर फोटो दाखवला. ते बराच वेळ पाहत बसले. मग खिशातून सिगारेट काढून मला दिली. मी ओढत नाही, पण घेतली.

बाकी रडगाणं तेच. एकानं लावलं, पैसे झाले, मग सगळ्या डोंगरानं तेच लावलं, भाव उतरले. टोमॅटो म्हणा, कांदा म्हणा, ऐकणारा निफाडचा असला की झालं.

गावात एक गोष्ट मात्र दोन-तीन दिवसांनी लक्षात आली. घरं मोठमोठी, रस्ता प्रत्येकाच्या अंगणापर्यंत सिमेंटचा, रात्री दिवे. आणि माणसं नाहीत. म्हणजे आहेत, पण पन्नाशीच्या पुढची. आमच्या घरातल्या तिसऱ्या मजल्याला कुलूप, दुसऱ्यावर फक्त आम्ही. शेजारचं घर बायकोच्या चुलत भावाचं. ती एकुलती एक, त्यामुळं तोच तिचा सख्खा. तो आणि त्याची बायको क्वांगतुंग प्रांतात दोंगक्वानला कारखान्यात आहेत. त्यांचा नऊ वर्षांचा पोरगा इथं आजी-आजोबांकडे. गावची शाळा केव्हाच बंद झाली, मोठ्या गावातल्या शाळेत विलीन. पोरगा सोमवार ते शुक्रवार तिथं वसतिगृहात. आईबापाकडे शहरात का नाही? तर सरकारदरबारी रहिवासाची नोंदणी गावची, आणि कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला पुढंमागं आपल्याच प्रांतात परत यावं लागतं. रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल. पोरगा फोन भिंतीला टेकवून ठेवतो आणि समोर गृहपाठ करतो. बोलत काहीच नाहीत. आई तिकडे भाजी चिरते, हा इकडे लिहितो.

कोकणातला फणस

अगदी आमच्या वाडीचं वर्णन केलंत. बंगले मुंबईच्या पैशाचे, आत उंदीर. गणपतीत दहा दिवस गाव फुलतो, विसर्जन झालं की पुन्हा म्हातारी आणि कुत्रा. तिकडेही सणाला येतात का सगळे?

निफाडचा सिंगापुरी

हो, त्यांच्या नववर्षाला. विहीणबाई म्हणाल्या, ते पंधरा दिवस गावात गाड्या लावायला जागा नसते. थंडीत डुकराचं मांस धुरावर वाळवून छताला टांगतात, ते पोरांसाठी. जाताना प्रत्येकाच्या गाडीत भरून देतात. तुमच्याकडच्या आंबापोळी-फणसपोळीसारखंच, शाकाहारी मंडळींची क्षमा मागून.

खडूस

घरं रिकामी म्हणून गळे काढताय, पण तुम्ही स्वतः सिंगापुरात, बायको सिंगापुरात. सासऱ्यांची २३ गुंठे आणि निफाडची चार एकर कोण बघणार?

निफाडचा सिंगापुरी

@खडूस: चार एकर वाट्यानं दिली आहे. २३ गुंठे सासरे बघतात, वय ६३. पुढचं उत्तर माझ्याकडे नाही. हा प्रश्न सासऱ्यांनी मला केला नाही, आईनंही कधी केला नाही. तुम्ही केलात.

खडूस

टोचायचं नव्हतं. मीही नगरचा, राहतो ठाण्यात.

सोलापूरकर | २६ एप्रिल

तुम्ही ४ एप्रिलला तिथं होतात म्हणजे छिंगमिंग, त्यांचा पितरांच्या थडग्यांवर जायचा सण, सापडला असेल? लिहा त्यावर. मी काही वर्षांपूर्वी कामानिमित्त हपेइ प्रांतात श्च्याच्वांगला होतो. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. छिंगमिंगला लोक तिथं फुलं वाहतात. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, वय अवघं ३२. चिनी लोक त्यांना 'क दीहुआ' म्हणतात. बायको चिनी परिचारिका, मुलाचं नाव ठेवलं होतं 'यिनहुआ': यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. तुमच्या लेकीवरून आठवलं. आणि हो, उत्तरेकडचं खेडं अगदी निराळं. भात कमी, गव्हाच्या वाफवलेल्या पोळ्या-लाद्या. थंडीत विटांचा पलंग, खालून चुलीची ऊब, त्यावरच बसणं, जेवणं, झोपणं. आणि रांधणारे सासरे मला तिकडे एकही दिसले नाहीत.

निफाडचा सिंगापुरी

सोलापूरकर, धन्यवाद. बायकोला वाचून दाखवलं. तिला शाळेतून 'क दीहुआ' नाव माहीत होतं, तो सोलापूरचा हे माहीत नव्हतं.

छिंगमिंग सापडला. ४ एप्रिल, त्यांची तिसऱ्या महिन्याची सप्तमी आणि आपलीही चैत्र शुद्ध सप्तमी. सण मात्र सूर्यावर ठरतो, आपल्या संक्रांतीसारखा, त्यामुळं तारीख फारशी हलत नाही. थडगी शेताच्या बांधावर, संत्र्यांच्या झाडांत. सकाळपासून गावच्या भोंग्यावर एकच घोषणा चालू: आग सांभाळा, कागद जाळून तसेच जाऊ नका. पणजोबांच्या थडग्यावरचं गवत काढलं, बांबूच्या काठीला पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्या लावल्या, उदबत्त्या, कागदी नोटा जाळल्या, मातीवर तीनदा दारू ओतली. उकडलेल्या मांसाचा तुकडा ठेवला. आईनं तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं, मग पुढं होऊन वाकून नमस्कार केला. मला वाटलं होतं रडारड असेल. छे! नमस्कार झाल्यावर सगळे थडग्याशेजारीच बसून संत्री सोलून खायला लागले. सासऱ्यांनी वडलांना यंदाचा भाव सांगितला. मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगावा तसा.

आई परत येताना म्हणाली, "आपण पितरांना वर्षातनं एकदा घरी बोलावतो. हे त्यांच्या घरी जातात."

सुलभामावशी

आईंना नमस्कार सांगा. एकादशी आली का हो मध्ये?

निफाडचा सिंगापुरी | २७ एप्रिल

आली. खरं तर तेच लिहायचं होतं, टाळत होतो.

८ एप्रिलला कामदा एकादशी. साबुदाणा मी सिंगापूरहून आणायचा विसरलो होतो. आई म्हणाली, रताळी दिसली होती, तीच उकड. सिचुआनमध्ये रताळी पुष्कळ, खड्ड्यात साठवून वर्षभर पुरवतात, बरीचशी डुकरांना घालतात. चुलीत रताळी भाजली, शेंगदाणे होतेच. गॅस आहे घरात, पण पणजी लाकडाच्या चुलीला सोडत नाहीत. आई चुलीपुढं पाटावर बसून खायला लागली. पणजी समोर. त्यांनी बायकोला विचारलं, ही भात का खात नाही? बायकोनं सांगितलं, आज देवासाठी भात वर्ज्य.

पणजींनी रताळ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आम्ही हे भुकेपायी खाल्लं. ही देवापायी खाते?"

त्या स्वतः रताळ्याला हात लावत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. १९५८ मध्ये गावाची सामुदायिक खानावळ झाली, घरोघरच्या कढया लोखंडासाठी भट्टीत गेल्या. पुढं १९५९ ते ६१. सिचुआन सगळ्यात होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. त्या १६-१७ वर्षांच्या होत्या. आधी रताळी, मग रताळ्याचे वेल, मग पाला, मग तेही नाही. धाकटी बहीण गेली. हे सगळं पणजींच्या बोलीतून बायकोच्या इंग्रजीत आणि माझ्या मराठीत येत होतं, मध्ये मध्ये बायको थांबायची. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं. घरात कोणी विचारलंच नव्हतं.

आईनं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, सांग तिला. आईचं माहेर सिन्नरकडचं, दुष्काळी पट्टा. १९७२ ला ती १५ वर्षांची. खडी फोडायला जायची, लाल मिलोच्या भाकरी, केंद्रावर सुकडी. "मला अजून तांबडी ज्वारी बघवत नाही म्हणावं." 'खडी'ला बायकोला शब्द सापडेना. आईनं अंगणातला एक दगड उचलला आणि दुसऱ्यावर आपटून दाखवला. पणजींनी मान डोलावली.

मग पणजींनी आईच्या हातातलं अर्धं रताळं घेतलं, साल काढली आणि खाल्लं. म्हणाल्या, जास्त गोड आहे, आमच्या वेळचं असं नव्हतं.

मराठवाडी ढग

७२ आमच्या आईच्या तोंडून ऐकलाय. आज आणखी काही लिहवत नाही.

खडूस

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. एक विचारतो, राग मानू नका: हे सगळं तिथं असं उघड बोलता येतं?

निफाडचा सिंगापुरी

घरात, चुलीपुढं, ८२ वर्षांच्या बाईला कोण अडवणार? चौकात बोलल्या असत्या का, ते मी विचारलं नाही. सरकारबद्दल त्यांचं बोलणं पेन्शनपुरतं: महिन्याला दोनशे युआनच्या आत-बाहेर मिळतात, त्यांना ते भरपूर वाटतात, सासऱ्यांना अपुरे.

१२ तारखेला आपली हनुमान जयंती आणि त्यांची पौर्णिमा एकाच दिवशी आली. दोघी शाकाहारी, कढई एकच. त्या दिवशी विहीणबाईंनी आईला माहजोंगला बसवलं. सिचुआनच्या माहजोंगमध्ये सोंगट्या १०८ असतात. आईनं मोजल्या, गळ्यातल्या माळेला हात लावला आणि म्हणाली, बसते. चार युआन हरली.

पिंपळपार

ताईला हा धागा वाचायला दिला. ती म्हणते लग्न होऊ दे. 🙂

निफाडचा सिंगापुरी | १५ जून

धागा वर काढतोय, कारण अडलंय. जाणकारांची मदत हवी.

पणजींकडे मिठाच्या पाण्यातल्या लोणच्याची मातीची बरणी आहे. गळ्याभोवती पन्हळ, त्यात पाणी भरायचं, वर वाडगं पालथं घालायचं. हवा आत जात नाही, आतली बाहेर येते. पाणी तेच, वर्षानुवर्षं. मुळा, मिरची, आलं, कोबी टाकत राहायचं. नियम एकच: तेलाचा थेंबही लागता कामा नये. आई चक्रावली. आपलं लोणचं तेलात बुडवलं तर टिकतं, त्यांचं तेल लागलं तर नासतं. निघताना पणजींनी त्या पाण्याची बाटली आईच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून दिली. ती बाटली सिंगापूरमार्गे निफाडला सुखरूप पोचली. आईनं चिनी मातीच्या बरणीत मुळा आणि मिरच्या घातल्या. महिनाभर झकास. आता पाण्यावर पांढरा तवंग आलाय.

व्हिडिओ कॉलवर पणजींना दाखवलं. त्या ओरडून एकच शब्द सांगत राहिल्या, 'बाइज्यो'. म्हणजे त्यांची पांढरी दारू, दोन झाकणं बरणीत ओतायची की तवंग जातो. आता माळकरी घरात दारू आणायची कशी? आई म्हणते, बरणी फेकून देईन पण ते नाही. फेकवतही नाहीये. दारूशिवाय काही उपाय?

सुलभामावशी

तवंग स्वच्छ कोरड्या पळीनं काढून टाका. मीठ वाढवा, आल्याचे जाड तुकडे घाला, बरणी थंड जागी ठेवा. निफाडच्या जूनमध्ये ती उकडतेय बिचारी. वास आंबटच असेल तर घाबरू नका. कुजका असेल तर टाकून द्या.

मराठवाडी ढग

आमच्याकडे कैरीच्या लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देतात. निखाऱ्यावर हिंग टाकायचा, बरणी त्यावर पालथी. इथं चालेल का माहीत नाही.

निफाडचा सिंगापुरी | १६ जून

दोन्ही उपाय आईला कळवले. मीठ-आलं घातलंय. पाणी पातेल्यात काढून बरणीला धुरीही देऊन झाली. पणजींना हिंगाचं अजून सांगितलेलं नाही.